तांबट, शिंपी, खाटीक: काम ओळखले की प्राणी दिसतो

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली, तर ती पुसून टाकण्याआधी क्षणभर थांबावे. काळपट तपकिरी रंग, मधोमध पांढरा डाग आणि वरून ओलसर चकाकी असे तिचे रूप असते, त्यामुळे तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. न पाहिले जाणे हाच तर तिचा हेतू असतो. अगदी जवळ जाऊन पाहिले की त्या शिटेला बारीक पाय आहेत आणि तिने पानाची कड कुरतडली आहे, हे लक्षात येते. ती बहुरूपी नावाच्या फुलपाखराची किंवा लिंबावर वाढणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची लहान अळी असते. काही दिवसांनी कात टाकून ती हिरवीगार होते, डोक्यामागच्या फुगीर भागावर खोट्या डोळ्यांसारखे ठिपके येतात, आणि तिला डिवचले तर त्याच जागेतून लालसर रंगाचा दुफाटा अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. आमच्या गच्चीतल्या एकाच कुंडीतल्या कढीपत्त्यावर हे सारे घडत होते आणि ते मला कित्येक वर्षे दिसले नव्हते. झाडावरची पाने खाल्ली जात आहेत एवढेच दिसत होते, त्याचा रागही येत होता. पण ती कोण खाते हे पाहावे, असे मनात आले नव्हते.

आपल्या आसपासचे वन्यजीव आपल्याला का दिसत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर याच अनुभवात आहे. आपण प्राणी शोधतो. म्हणजे पुस्तकातल्या चित्रासारखी एखादी पूर्ण आकृती झाडावर किंवा जमिनीवर कुठे आहे का, हे पाहतो. बहुतेक प्राण्यांचे जगणे मात्र अशी पूर्ण आकृती कोणाला दिसू न देण्यावरच चाललेले असते. त्यांना लपवता येत नाही ते त्यांचे काम: खाणे, घर बांधणे, जोडीदाराला बोलावणे, पिलांची राखण करणे. ही कामे ठरलेल्या झाडावर, ठरलेल्या ऋतूत आणि पुष्कळदा ठरलेल्या वेळी होतात. म्हणून आधी काम ओळखावे; ते करणारा तिथेच जवळपास असतो.

आपल्या पूर्वजांना हे नीट ठाऊक असावे, असे मराठीतली पक्ष्यांची नावे पाहिली की मला वाटते. तांबट, शिंपी, सुतार, धोबी, कोतवाल, खाटीक, डोंबारी ही सगळी नावे गावगाड्यातल्या व्यवसायांची आहेत. नाव ठेवणाऱ्याने पिसांच्या रंगापेक्षा पक्षी काय करतो याकडे अधिक लक्ष दिलेले आहे. शिंपी हा चिमणीहून लहान पक्षी मोठी पाने एकमेकांना टाचून त्या खोळीत घरटे करतो. टाचण्यासाठी तो कोळ्याचे जाळे, कापूस आणि झाडांचे तंतू वापरतो. खाटीक पक्षी नाकतोडे आणि लहान सरडे पकडून ते बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्याला टोचून ठेवतो. बांधावरच्या बोरीला असा वाळका नाकतोडा अडकलेला दिसला, तर जवळच्या उघड्या फांदीच्या टोकावर नजर टाकावी. डोळ्यावरून काळी पट्टी गेलेला पक्षी तिथे ताठ बसलेला दिसण्याची शक्यता बरीच असते.

झाड आधी, प्राणी नंतर

फुलपाखरांच्या बाबतीत हा नियम सर्वांत काटेकोरपणे लागू पडतो, कारण त्यांच्या अळ्या वाटेल ते पान खात नाहीत. वनस्पती कीटकांपासून बचावासाठी पानांत निरनिराळी रसायने साठवतात. त्यातले एखादे रसायन पचवण्याची क्षमता ज्या जातीत आली, ती जात त्या वनस्पतीशी बांधली जाते. कढीपत्ता, लिंबू आणि बेल ही एकाच कुळातली झाडे असल्यामुळे बहुरूपीला ती तिन्ही चालतात, आणि 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेला नीलवंतही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतो. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराची अळी ती पाने खाऊन विष अंगात साठवते, आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही तो कडूपणा टिकतो. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. या धाकाचा फायदा दुसऱ्या एका बिनविषारी जातीची मादी घेते. ती हुबेहूब कडव्याच्या रंगाची असते. रस्त्याकडेची रुई तण म्हणून उपटण्याआधी तिच्या पानांची खालची बाजू एकदा पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पानफुटीच्या जाड पानावर पारदर्शक, फुगलेले चट्टे दिसले तर तो रोग नसण्याची शक्यता असते. काळ्या-पांढऱ्या पंखांवर लाल-नारिंगी पट्टा मिरवणाऱ्या एका छोट्या फुलपाखराची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरून आतला गर खात जाते, आणि ते चट्टे म्हणजे तिने पोखरलेली दालने असतात. आंब्याच्या पानावरची बॅरन फुलपाखराची अळी तर मला सर्वांत नवलाची वाटते. तिच्या पाठीवर उभी फिकट रेघ असते आणि दोन्ही बाजूंना पिसांसारखे हिरवे काटे असतात. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की तिची रेघ आणि पानाची शीर एक होते, आणि काट्यांच्या झालरीमुळे अंगाची सावलीही पानावर पडत नाही. ती शोधायची असेल तर अळी पाहू नये. ज्या पानाची शीर मध्येच जाड झाल्यासारखी वाटते, ते पान पाहावे.

पक्ष्यांच्या बाबतीत असेच महत्त्व वड, पिंपळ आणि उंबर यांना आहे. ही झाडे सगळी एकाच महिन्यात फळत नाहीत. एक उंबर आज पिकला, तर शेजारच्या गल्लीतला दोन महिन्यांनी पिकेल. यामागचे कारण असे की या झाडांचे परागीभवन त्यांच्या फळांतच वाढणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या करतात. त्यांचे आयुष्य फार थोडे असते, आणि परिसरात कुठे ना कुठे नवे कोवळे फळ नेहमी असल्याखेरीज त्यांची साखळी टिकत नाही. त्यामुळे इतर झाडे रिकामी असतानाही कोणता ना कोणता उंबर भरलेला असतो आणि फळे खाणारे पक्षी तिथे गोळा होतात. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी अशाच झाडांवर थव्याने उतरतो. त्याचा हिरवा-पिवळा रंग पानांत इतका मिसळतो, आणि माणसाची चाहूल लागली की तो इतका निश्चल होतो, की दहा-पंधरा हरियल डोक्यावर असताना झाड रिकामे आहे असे वाटते. अशा वेळी वर पाहण्याआधी ऐकावे. फळांचे तुकडे टपटप खाली पडत असतील तर वर कोणीतरी जेवते आहे. बुंध्यापासून थोडे दूर बसून पाच-सात मिनिटे हालचाल केली नाही, की पाने हलू लागतात आणि एकामागून एक हरियल दिसू लागतात.

कान हे नजरेच्या पुढचे साधन

तांबट सापडत नाही अशी तक्रार पुष्कळांची असते. उन्हाळ्यात भर दुपारी तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा ‘टुक-टुक-टुक’ आवाज शहरातही घुमतो, पण तो कुठून येतो हे कळत नाही. त्याचे कारण साधे आहे. हा पक्षी ओरडताना मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवतो, म्हणून आवाज जागा बदलतो आहे असा भास होतो. त्याला शोधण्यासाठी जवळपासच्या सर्वांत उंच झाडाच्या वाळक्या, पर्णहीन शेंड्याकडे पाहावे. त्याच वाळक्या फांद्यांत तो चोचीने ढोली कोरतो. सोसायटीच्या आवारातली अशी सुकी फांदी, ती कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका नसेल तर, न तोडता राहू द्यावी.

आवाजांमधला सर्वांत उपयोगी धडा मात्र धोक्याच्या हाकांचा आहे. लहान पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांतला फरक ध्वनीच्या गुणधर्मांवर आधारलेला आहे. आवाजाची दिशा आपल्याला किंवा कोणत्याही प्राण्याला कळते ती मुख्यतः दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यातला किंचित वेळ आणि त्याच्या तीव्रतेतला फरक यांवरून. आकाशातून शिक्रा आला, तर छोटा पक्षी अतिशय बारीक, उंच पट्टीचा, हळूच सुरू होऊन हळूच विरणारा सूर काढतो. अशा आवाजाला ठळक आरंभ नसल्यामुळे त्याची दिशा पकडणे अवघड जाते. सोबत्यांना इशारा मिळतो, पण ओरडणाऱ्याची जागा शिकाऱ्याला सापडत नाही. याउलट खाली साप, मांजर किंवा मुंगूस दिसले, किंवा ढोलीच्या तोंडाशी बसलेला पिंगळा दिवसाढवळ्या सापडला, तर पक्षी कर्कश, तुटक, खरखरीत आवाजात पुन्हा पुन्हा ओरडतात. हा आवाज कुठून येतो ते चटकन कळते, आणि तेच त्यांना हवे असते. कारण सगळ्यांनी जमून शत्रूला हुसकावायचे असते.

व्यवहारात याचा उपयोग असा, की बागेत बुलबुल, सातभाई आणि खार एकाच जागेकडे तोंड करून एकसारखे ओरडत असतील, तर त्यांच्याकडे न पाहता ते जिकडे पाहत आहेत तिकडे पाहावे. आमच्या मागच्या आवारात सातभाईंचा असा कलकलाट चालला होता, तेव्हा दहा मिनिटे उभे राहून मी जमिनीवर शोधत होतो. खार मात्र रामफळाच्या मधल्या फांदीवर उलटी होऊन, शेपटी झटकत वरच्या बेचक्याकडे ओरडत होती. त्या बेचक्यात धामण वेटोळे करून पडली होती, आणि तिची हालणारी जीभ दिसेपर्यंत ती मला फांदीचाच भाग वाटत होती.

ऋतूंचे काही आवाज काम ओळखल्याखेरीज समजत नाहीत. वळवाच्या दिवसांत पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात ती नराची विणीच्या हंगामातली हाक असते. हा पक्षी स्वतः घरटे बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते आणि पावश्याचे पिलू सातभाई वाढवतात. म्हणजे शिवारात सातभाईंचे थवे असतील, तिथे पावशा ऐकू येण्याचा संभव अधिक. कोकिळेने कावळ्याच्या घरट्याची निवड केली आहे, हे सर्वांना माहीत असते. परंतु ‘कुहू’ हा सूर काळ्या नराचा असतो आणि तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी निराळ्याच, कर्कश ‘किक-किक’ आवाजात ओरडते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

जमिनीवरच्या खुणा

सस्तन प्राणी बहुतेक रात्री फिरतात, म्हणून त्यांची ओळख सकाळच्या खुणांवरून होते. पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी पाणंदीतला चिखल किंवा ओढ्याकाठची ओली वाळू पाहावी. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोचे उमटतात. मांजरकुळातले प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात ती दिसत नाहीत, आणि तळव्याच्या गादीची मागची कड तीन उंचवट्यांची असते. ठसा मोठा, गोलसर आणि बिननखांचा असेल, तर तो बिबट्याचा असू शकतो. जुन्नर परिसरात बिबट्याच्या माद्या उसाच्या फडात पिले घालतात, हे आता सर्वज्ञात आहे. अशा भागात ठसे पाहण्याचे काम उजेडी आणि सोबतीनेच करावे, आणि संध्याकाळी फडाच्या कडेला मुलांना घेऊन जाऊ नये.

कुंपणाच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा वरचेवर दिसत असेल, तर रात्री उदमांजर येत असावे. मोठ्या झाडाखाली किंवा पडक्या वाड्याच्या माळ्यावर केसांचे राखाडी गोळे सापडले, तर ती विष्ठा नसते. घुबडाला न पचलेले केस आणि हाडे ते तोंडावाटे बाहेर टाकते. असा एक वाळलेला गोळा कागदावर ठेवून काडीने उकलला की उंदरांच्या कवट्या आणि पिवळसर दातांचे जबडे सुटे होतात. अशा गोळ्यांतले जबडे मुलांना मोजायला द्यावेत. घुबड अपशकुनी असते असे म्हणणाऱ्या घरात, ते रोज किती उंदीर खाते हे सांगण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. गोळे हाताळल्यावर हात मात्र साबणाने स्वच्छ धुवावेत.

माळरानावर

शिवाराच्या पलीकडचा माळ पडीक समजला जातो, आणि ही समजूत मला फार क्लेश देते. सासवड, सुपे, बारामती या पट्ट्यात किंवा सोलापूरजवळ नान्नजला जे गवताळ माळ आहेत, त्यांवर चिंकारा, खोकड, लांडगा आणि चंडोलांच्या कितीतरी जाती जगतात. त्यातल्या कोणालाही झाडांच्या जंगलाचा उपयोग नाही. माळावर आडोसा नसतो, म्हणून इथले प्राणी जमिनीच्या रंगात लपतात. टिटवी उघड्यावर, खड्यांच्या उथळ खळग्यात अंडी घालते आणि ती अंडी आजूबाजूच्या दगडांपासून वेगळी काढणे जवळजवळ अशक्य असते. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर अंडी शोधण्याचा मोह टाळून ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, पायाखाली पाहत मागे फिरावे. डोंबारी पक्ष्याचा नर मात्र लपत नाही. तो सरळ वर उडतो, पंख मिटून खाली सूर मारतो, जमिनीला टेकणार असे वाटत असतानाच पुन्हा उसळतो, आणि मग त्याचे नाव कोणाला विचारावे लागत नाही.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्याच्या तोंडावर गेलात, तर दगडांवर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडझाप करणारे सरडे दिसतील. 2016 साली शास्त्रज्ञांनी या गटाला नवी प्रजाती म्हणून नाव दिले, तेव्हा आपला ‘सरडा’ हाच शब्द घेतला. चाळकेवाडीच्या सरड्याचे शास्त्रीय नाव ‘सारडा सुपर्बा’ असे आहे. जो नर उंच दगड मिळवतो त्याचा पंखा दुरून दिसतो, म्हणून सपाट जमिनीपेक्षा उठून दिसणारे दगड एकेक करून न्याहाळावेत.

रात्र आणि पहिला पाऊस

विजेरी डोळ्यांच्या पातळीवर, कानशिलाला टेकवून धरावी आणि प्रकाश हिरवळीवर टाकावा. गवतात दवासारखे हिरवट-निळसर ठिपके चमकतील. जवळ गेल्यावर त्यातले काही खरोखर दव निघेल, आणि काही शिकारी कोळ्यांचे डोळे निघतील. त्यांच्या डोळ्यांतला परावर्तक थर प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून विजेरी हातात खाली धरली तर ही चमक दिसत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर साचलेल्या पाण्याकडे जावे. एरवी मातकट-हिरवे दिसणारे मोठे बेडूक त्या वेळी पिवळेधमक झालेले असतात आणि त्यांच्या गळ्याशी निळ्या फुग्या फुगतात. दरवर्षी त्यांच्या चित्रफिती ‘विचित्र प्राणी’ म्हणून फिरतात, पण ते आपल्याच शेतातले नर बेडूक असतात आणि तो रंग विणीच्या थोड्या काळापुरता असतो. भंडारदरा परिसरात मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजवे लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचे संभाषण असल्यामुळे तिथे विजेरी आणि मोटारीचे दिवे बंद ठेवावेत. आपल्या उजेडात त्यांचे संकेत हरवतात. पावसाळ्यात रात्री फिरताना पायांत बंद बूट असावेत, दगडांच्या ढिगाऱ्यात हात घालू नये, आणि कुकरची वाफ सुटावी तसा दीर्घ फुत्कार ऐकू आला तर तिथेच थांबून घोणस कुठे आहे हे आधी पाहावे.

साधनांविषयी थोडेच सांगायचे आहे. दुर्बिणीवर 8 आणि 42 असे आकडे असतात. पहिला ती किती पट मोठे दाखवते तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. नवख्याला ही जोडी पुरते. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणावी, दुर्बिणीतून शोधू नये. शोधताना तर नजर एका बिंदूवर रोखण्याऐवजी सैल सोडावी, कारण डोळ्याच्या कडेच्या भागाला तपशील दिसत नसला तरी हालचाल चटकन जाणवते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे मला मान्य नाही. तो परका नर समजून भांडायला येतो आणि पिलांना भरवण्याचा वेळ त्यात जातो. घरट्याजवळ वारंवार गेल्याने कावळ्यांना त्याचा पत्ता लागतो.

एक वही मात्र जरूर ठेवावी. तारीख, वेळ, झाड आणि प्राणी काय करत होता, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी चालते. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी. पोस्टाच्या चौकातल्या उंबराविषयी माझ्या वहीत पहिली नोंद आहे ती ‘फळे पिकली, खाली सडा, हरियल सात, सकाळी साडेसात’ अशी. त्याखाली त्याच उंबराच्या पुढच्या पाच बहरांच्या तारखा आहेत. सहाव्या बहराची कच्ची फळे गेल्या आठवड्यात खोडाला लागलेली दिसली, आणि आता रोज सकाळी दूध आणायला मी त्या चौकातून जातो.